फेसलेली मोहरी

आमच्याकडे मोहरी पिकत नाही. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर कुळीथ, वाल, पावटा होतो. मोहरी बाजारातून पुडीत बांधून येते. परसात कुणी चार दाणे फेकले तर पिवळी फुलं धरतात, पण त्याला शेती कोण म्हणेल? तरी मोहरीवाचून आमचं घर चालत नाही. फोडणीला ती, लोणच्याला ती, रायवळ आंब्याच्या रायत्याला ती. आणि पोर किरकिरलं की मिठाबरोबर ओवाळून चुलीत टाकायलाही तीच.

अख्खी मोहरी हुंगून बघा, फारसा वास येत नाही. दाणा चिरडला आणि पाणी लागलं की आत वेगवेगळी राहिलेली दोन द्रव्यं एकमेकांना भेटतात आणि मग तो झणका उठतो. पाणी मात्र थंड हवं. कढत पाण्यानं तो झणका मरतो. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती मोहरी पाट्यावर वाटायची, परातीत घ्यायची आणि थंड पाण्याचे हबके मारत हातानं फेसायची. नाकाडोळ्यांतनं पाणी आलं की म्हणायची, "हां, आता झाली."

1979 च्या मे महिन्यातली गोष्ट. मी अकरा वर्षांची. आमच्या वाडीत एक मुलगी होती, सोळा वर्षांची. आंबे उतरायचे दिवस होते. एका दुपारी ती बागेतनं एकटीच घरी आली आणि माजघरात जाऊन पडली. बागेत तिला गाठणारा भावकीतलाच होता, बायकोपोरांचा माणूस. तिनं रात्री आपल्या आयेला सांगितलं, आयेनं बापाला, आणि दोन दिवसांत सगळ्या वाडीला ठाऊक झालं. पोलिसांत कुणी गेलं नाही. गेलो तर पोरीचं नाव होईल, लगीन कसं जमायचं, असं म्हणाले. सहाणेवर गावकी बसली. त्यानं देवापुढे नारळ ठेवायचा आणि दंड भरायचा असं ठरलं. दंड गावकीच्या पेटीत गेला. मुलीला त्या बैठकीला बोलावलं नव्हतं, आणि तिचा बाप खाली मान घालून बसला होता, असं आमचे आबा घरी येऊन म्हणाले. आबा स्वतः त्या बैठकीत होते. ते काय बोलले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आजी त्यांच्या घरी जाऊन तिची दृष्ट काढून आली. मीठ-मोहरी चुलीत टाकल्यावर खूप तडतडली म्हणे. जणू तिला कुणाची नजर लागली होती! नजर लावणाऱ्याला घर नसतं, नाव नसतं, त्याला जाब विचारावा लागत नाही. ही सोय मोठीच.

त्या साली तिच्या घरच्यांनी तिला लोणच्याला हात लावू दिला नाही. नासेल म्हणून. ती आमच्याकडे यायला लागली आणि आई तिच्यापुढे परात सरकवायची. "ही एवढी फेस गो." ती फेसत बसायची आणि घळाघळा डोळे गळायचे. मला आधी वाटायचं, मोहरीनंच. आई तिच्याकडे न बघता कैरी चिरत राहायची. आमचं त्या सालचं लोणचं पुढच्या मे महिन्यापर्यंत टिकलं. आईनं ते मुद्दाम तिच्या घरी वाटीभर पाठवलं. आई त्या वाडीतली सगळ्यात शहाणी बाई, असं मी पुढची तीस-पस्तीस वर्षं समजत होते.

दीड वर्षानं तिला दूर खेडच्या बाजूला एका बिजवराला दिली. तो मात्र दर शिमग्याला पालखी नाचवत राहिला. नाचवायचाही छान, हे सांगायला हवं, कारण लोक त्याला तेवढ्यासाठीच ओळखत. जे झालं त्याला वाडीत नाव पडलं ते तिचं. "तिचं प्रकरण." "तिच्यावर प्रसंग आला." "तिची अब्रू गेली." या वाक्यांत तो कुठं आहे? प्रसंग आपोआप येतो, अब्रू आपल्या पायानं चालत जाते.

पुढे मी मास्तरीण झाले, भूगोल शिकवायला लागले. शाळेत एक जुना इंग्रजी ॲटलास होता. एकदा नववीच्या वर्गात जगातल्या तेलबिया बघताना नकाशाखाली ‘रेप’ असा शब्द निघाला आणि मागच्या बाकांवरची मुलं फिसफिसली. तो शब्द त्यांना वर्तमानपत्रातनं आणि सिनेमातनं ठाऊक होता. मी म्हटलं, "मोहरीची बहीण आहे ती. मोहरी म्हणा आणि पुढे चला." पुढे चललो. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र तास संपेपर्यंत मान वर केली नाही. तिचं डोकं दुखत असेल, दुसरं काही असेल. तास संपला, घंटा झाली, मी वर्गाबाहेर पडले. तिला विचारलं नाही.

त्या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. पिकाचं नाव लॅटिनमधल्या सलगमाच्या नावावरनं आलं आणि दुसरा शब्द हिसकावून नेणं या अर्थाच्या क्रियापदावरनं. योगायोगानं इंग्रजीत दोन्ही एकसारखे झाले. पण पिकाची सुटका झाली. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी त्या तेलातलं घातक मानलेलं आम्ल कमी केलेलं वाण काढलं, आणि 1978 मध्ये त्याला ‘कॅनोला’ हे नवं नाव मिळालं. आज आपल्याकडेही बाटलीवर हेच नाव असतं. टिस्डेल नावाच्या तिथल्या एका गावानं आपल्या पाटीवर अनेक वर्षं त्या पिकाचं आणि मधाचं नाव मिरवलं होतं, तेही 2016 मध्ये बदललं. बियाण्याला नाव बदलून मिळतं. आमच्याकडे बाईचं नाव बदलायचं तर तिला खेडला देतात.

1978 या सालात आणखी एक गोष्ट घडली. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका अनाथ आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला होता. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं विरोध केल्याच्या खुणा नव्हत्या, हे त्या निकालात महत्त्वाचं ठरलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या गीता साने यांच्या कन्या वसुधा धगमवार, या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, असा त्याचा रोख होता. बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ते पत्र निघालं ते आमच्या वाडीतल्या बैठकीनंतर चार महिन्यांनी. आमच्यापर्यंत ते पोचायचं काही कारण नव्हतं.

कायद्याच्या पुस्तकात तो खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं आहे, म्हणजे आरोपीच्या. लोकांच्या तोंडी मात्र तो आजही त्या मुलीच्या नावानंच चालतो. आम्हीच तेवढे तसे, असं नाही तर.

1983 च्या त्याच दुरुस्तीत पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरलं. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्येही ते आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हे आमच्या गावकीसारखंच झालं की! लपवायचं ते तिनंच. पण पुढे एक पोटकलम आहे : तिनं स्वतः लेखी संमती दिली तर नाव देता येतं. गावकी आणि कायदा यांत फरक असेल तर तो एवढ्या ओळीचा. नाव झाकायचं की उघडायचं हे तिनं ठरवायचं, तिच्या बापानं नाही, सहाणेवरच्या पंधरा पुरुषांनी नाही. आणि मायेनं गप्प बसणाऱ्या माझ्या आईनंही नाही. हे शेवटचं मला सुचलं नव्हतं. ते तिनं सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी ती गणपतीत माहेरी आली होती. आता साठीच्या पुढची आहे, दोन नाती आहेत. माझ्या पडवीत बसून आम्ही आईच्या आठवणी काढत होतो. मी म्हटलं, "आईनं तुला किती जपलं ना." ती थोडा वेळ सुपारी कातरत राहिली.

"जपलंन. नाय कोण म्हणतो? तुझ्या आयेनं मला मोहरी दिलान म्हणून मी रडू तरी शकलंय. घरात रडायची चोरी होती." मग म्हणाली, "पण बाय गो, एक डाव तरी विचारायचं होतं. काय झालं, तुला काय हवंय, इतकंच. मी सांगितलं असतं. मला पोलिसांत जायचं होतं."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. त्रेचाळीस वर्षांत ते कुणीच ऐकलं नव्हतं, कारण तो प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता. सगळ्यांनी धरून चाललेलं की तिला हे झाकायचंच आहे.

आईची बाजू मला घेता येते. तिच्या हातात काय होतं? विचारलं असतं आणि पोरगी ‘चला’ म्हणाली असती, तर आबांना सोडून, भावकीला तोडून आई तिला ठाण्यावर घेऊन गेली असती? बहुतेक नाही. आणि म्हणूनच तिनं विचारलं नसावं. उत्तर ऐकल्यावर काहीतरी करावं लागतं. मी तरी त्या नववीच्या मुलीला का विचारलं नाही? घंटा झाली होती म्हणून नाही.

हे लिहायचं ठरलं तेव्हा मी तिला फोन केला. लिहू का, असं विचारलं. लिही म्हणाली. तुझं नाव घालू का?

"माझं नको. सुना हायत घरात." मग हसून म्हणाली, "त्याचं घाल."

तो वारून बरीच वर्षं झाली. त्याचे मुलगे वाडीतच आहेत, माझ्या घरापासून तिसऱ्या घरात. धाकट्याची बायको गेल्या आठवड्यात कैऱ्या घेऊन आली होती, लोणच्याला. दोन वेळा मी कागदावर त्याचं नाव लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं. इथेही ते नाही.