सचिवांची शपथ

वेल्ह्याचा राजगड मोगलांकडून परत घेणारे शंकराजी नारायण हे अष्टप्रधानांतले सचिव. त्यांनी ताराबाईसाहेबांशी इमानाची शपथ घेतलेली. १७०७ साली संभाजीराजांचे पुत्र शाहूमहाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. शपथ मोडावी तर पाप, पाळावी तर थोरल्या गादीच्या वारसाशी लढाई! या पेचात त्यांनी भोरजवळ आंबवड्यास प्राण दिला. पुढे शाहूमहाराजांनी सचिवपद त्यांच्याच लहानग्या मुलाला दिले. म्हणजे, जिची आशा त्यांनी सोडली, ती क्षमा दाराशीच होती.

माउली, दोन वचनांत आपणही सापडतो. तेव्हा देह टाकू नये. ‘मी वचनाचा पक्का’ हा अभिमान पांडुरंगाच्या पायी टाकावा आणि धन्यापुढे उभे राहून खरे बोलावे.