साक्षीवांचून सदाचार

जें सत्कर्म पाहावयास कोणी नाहीं व ज्याचें फळही डोळ्यांस दिसत नाहीं, तें मनुष्य कशाच्या बळावर करतो? हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच रुग्णालयाचाही आहे. परिचारिकेनें हात धुतल्यामुळें जो रोग टळला, त्याची नोंद कोठेंच होत नाहीं.

भिवंडीहून वाड्यास जाणाऱ्या रस्त्यावरील अंबाडीसारख्या गांवांतून एखादी मुलगी परिचर्या शिकावयास शहरांत आली आहे, अशी कल्पना करूं. हात केव्हां धुवावे हें ती पुस्तकांतून पाठ करते. परंतु वॉर्डांत पाऊल टाकतांच तिची दुसरी शाळा सुरू होते. ज्येष्ठ सिस्टर हात न धुतां एका खाटेवरून दुसरीकडे गेल्या, कीं तीही जाते. त्या नळाशीं थांबल्या, कीं तीही थांबते. आणि नळास पाणीच नसेल, तर पाठांतराचा उपयोग काय?

हा अनुभव जुना आहे. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहांत सेमेलवाइस या डॉक्टरांनीं शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांस क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्यास लावलें. एप्रिलांत शेंकडा १८ असलेलें बाळंतिणींच्या मृत्यूचें प्रमाण कांहीं महिन्यांतच शेंकडा २ च्या आसपास आलें. तरीही अनेक वरिष्ठांस तें पटलें नाहीं. आणि वरिष्ठांस जें पटत नाहीं, तें शिष्यांच्या अंगीं टिकत नाहीं.

भय हा मोठा शिक्षक आहे, असें कोणी म्हणेल. २०२० मध्यें कोविडच्या भयानें सर्वांस हात धुवावयास लावलें, हें खरें. पण भय स्वतःपुरतेंच पाहतें. रोग्यास स्पर्श केल्यावर हात धुणें तें शिकवितें; स्पर्शापूर्वीं धुणें हें परक्यासाठीं असतें, तें केवळ धर्मबुद्धीच शिकवूं शकते. शिवाय भय ओसरलें, कीं त्याचा धडाही ओसरतो.

प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना तोच रोग जडून १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुले निवर्तल्या. त्या त्यागापुढें आम्ही नतमस्तक आहों. परंतु त्याचा दाखला देऊन कोवळ्या विद्यार्थिनीस मास्क व हातमोजे यांवांचून रोग्यांत धाडणें हा अधर्म होय. त्याग स्वतःचा करावयाचा असतो, दुसऱ्याचा नव्हे.

सारांश, ही संवय एकट्या विद्यार्थिनीचा गुण नव्हे. संस्थेनें तिच्यावर केलेला तो संस्कार आहे. ज्या आईबापांस आपली मुलगी या थोर व्यवसायांत घालावयाची आहे, त्यांनीं संस्थेची इमारत पाहण्यापूर्वीं तिच्या वॉर्डांतील नळ पाहावा, आणि त्या नळाशीं कोण थांबतें तेंही पाहावें.