दर्शन आणि ग्रहण

सुंदर वस्तू डोळ्यांनी पाहणे आणि ती आपल्याजवळ राहावी म्हणून हस्तगत करणे, या दोन क्रियांत नैतिक भेद आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोठे सुरू होतो, हा प्रश्न आम्हांस एका फुलपाखराने घातला. वकिलीच्या व्यवसायात प्रश्न इतरांनी आणावेत व आम्ही त्यांची उत्तरे शोधावीत असा रिवाज आहे. या खटल्यात मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात आम्हीच उभे आहोत, आणि युक्तिवाद करता करता आमची बाजू आम्हांसच लंगडी वाटू लागली. म्हणून तो सारा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही बेळगावी वकिली करतो. आमचे कुलदैवत मात्र गोव्यात, फोंडे महालात आहे. दरवर्षी आश्विनात देवाच्या पायांशी जाऊन यावे, आणि जवळच्या एका आप्तांच्या कुळागरात चार दिवस विसावा घ्यावा, हा आमचा परिपाठ. पोफळींच्या रांगा, त्यांवर चढलेल्या मिरवेली, मधून वाहणारा पाट आणि पलीकडे लागूनच उभे असलेले रान, असे ते स्थळ आहे. कुळागराच्या कडेला तिरफळीची काही झाडे आहेत. तिरफळ आमच्या वाचकांस स्वयंपाकघरातून ठाऊक आहे. बांगड्याच्या आमटीत चार दाणे पडले की त्या आमटीस जो गंध येतो, तो दुसऱ्या कशाने येत नाही. पण हे झाड लिंबाच्या कुळातले आहे, त्याच्या खोडाला काटे असतात, आणि त्याच्या पानांवर एका दुर्मीळ फुलपाखराचा वंश पोसला जातो, हे आम्हांस चाळिशी उलटून गेल्यावर कळले.

त्या फुलपाखरास शास्त्रज्ञ ‘पापिलिओ बुद्धा’ म्हणतात. केरळात त्याचे नाव ‘बुद्धमयूरी’ असून 2018 साली त्या राज्याने त्यास राज्यफुलपाखराचा मान दिला. दक्षिण कोकण-गोव्यापासून केरळापर्यंतचा सह्याद्री हेच त्याचे घर. जगात इतरत्र ते आढळत नाही. पंख पसरले असता त्याची रुंदी दहा सेंटिमीटरांहून अधिक भरते. काळ्या पंखांवर हिरव्या कणांची धूळ उडवावी तशी झाक, आणि दोन्ही पंखांवरून आरपार गेलेला निळसर हिरवा रुंद पट्टा, असे त्याचे रूप. नवल असे की तो निळा-हिरवा वर्ण म्हणजे काही रंगद्रव्य नव्हे. पंखांवरील सूक्ष्म खवल्यांच्या रचनेवर प्रकाश पडून जो खेळ होतो, तोच आपणांस वर्ण म्हणून भासतो. फुलपाखराने कूस बदलली की वर्णही बदलतो. वेदान्ताची गोडी असलेल्या मनुष्याने यावर तासभर विचार करावा असा हा दृष्टान्त आहे; आम्ही मात्र त्या वेळी कॅमेऱ्याचा विचार करीत होतो.

हे फुलपाखरू वृक्षांच्या शेंड्यांवरून वेगाने उडते. पिटकुळीच्या तांबड्या गुच्छांवर मध घेण्यास उतरले तरी त्याचे पंख थरथरतच असतात. नर ओल्या मातीवर उतरून क्षार शोषतात तेवढाच काय तो निवांतपणा. सलग तीन सकाळ आम्ही पाटाच्या कडेला बसून राहिलो. पहिल्या दिवशी एक निळी रेघ डोक्यावरून गेली. दुसऱ्या दिवशी तेही घडले नाही. तिसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर एक नर पाटाच्या ओल्या काठावर, आमच्यापासून दहा-बारा हातांवर उतरला. आमच्या व त्याच्या मध्ये तिरफळीच्या कोवळ्या रोपाची एक फांदी आडवी येत होती. आम्ही हात लांबवून ती हलकेच वाकविली, आणि ती वाकून राहीना तेव्हा मोडून बाजूस टाकली. त्यानंतर जे छायाचित्र निघाले ते, आत्मस्तुतीचा दोष पत्करून सांगतो, उत्तम निघाले.

कुळागर सांभाळणारा वृद्ध मनुष्य मागेच उभा होता. त्याने ती फांदी उचलली, पालथी केली आणि आम्हांस दाखविली. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा एक लहान सुरवंट होता व दुसऱ्या पानावर आणखी एक, थोडा मोठा. बोट लागताच मोठ्याच्या मानेमागून एक दुफाटा नारिंगी अवयव बाहेर आला व उग्र दर्प सुटला. शत्रूस भिवविण्याचे एवढेच साधन त्या जिवाजवळ होते. म्हातारा म्हणाला, “वकीलबाब, हो ताचो पाळणो. तुमी पाळणो मोडलो.” मग त्याने सुंभाने ती फांदी रोपाच्या उरलेल्या भागास बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहिले तो मोठा सुरवंट जिवंत पानांवर सरकला होता. लहानाचा पत्ता लागला नाही.

आता युक्तिवाद. प्रथम आमच्या बाजूचा, कारण तो दुबळा नाही.

ज्या काळी या फुलपाखराचे शास्त्रीय वर्णन झाले, त्या काळी ज्ञानाचा मार्ग टाचणीतून जात असे. वेस्टवूड नामक इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1872 साली त्यास बुद्धाचे नाव दिले. कीटकांना जाळ्यात धरणे, मारणे, छातीतून टाचणी घालणे आणि पेटीत ओळीने लावणे, ही त्या शास्त्राची नित्याची रीत होती. करुणेच्या अवताराचे नाव मिरविणारा जीवही त्या रीतीस अपवाद नव्हता. त्या मानाने छायाचित्र हा केवढा थोर सुधार! प्राणी जेथल्या तेथे राहतो आणि आपण केवळ त्याच्या अंगावरून परतलेला प्रकाश घेतो. शिवाय अशा छायाचित्रांतून कोणती जात कोठे व केव्हा दिसते याची नोंद होते, आणि नोंद नसलेल्या जिवाची बाजू घेण्यास कोणी उभा राहत नाही. एका फांदीने असे काय बिघडले?

हे सारे आम्हांस मान्य आहे. पण विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, टाचणी गेली तरी टाचणीमागील वासना गेली असे सिद्ध होत नाही. ‘मला ते हवे’ ही भावना पेटीतून निघून कॅमेऱ्यात जाऊन बसली एवढेच. आजही ओल्या जागी खारे पाणी शिंपडून फुलपाखरांस भुलविणारे आहेत. हवे तसे उडावे म्हणून त्यांस हाकणारे आहेत. ती निश्चल बसावीत म्हणून थंडीने बधिर करण्याचे प्रकारही ऐकिवात आहेत. आमच्या देशातील 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारणे व पकडणे यांसोबत हाकणे आणि आमिष दाखविणे यांचाही समावेश केला आहे, आणि ‘प्राणी’ या शब्दात त्याची पिले व अंडीही धरली आहेत. कोणत्या कृत्यास व कोणत्या जातीस कोणते कलम लागते, ही चर्चा न्यायालयासाठी ठेवू. कायद्याच्या भाषेस जो सूक्ष्म भेद दिसला तो आमच्या डोळ्यांस दिसला नाही, एवढेच येथे नोंदवितो.

या जागी आम्हांस महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा आठवते. चोरीचा खोटा आळ येऊन राजाज्ञेने सुळावर चढविलेले हे ऋषी पुढे धर्माच्या सभेत जाऊन विचारतात की, हे कोणत्या पापाचे फळ? धर्म सांगतो, लहानपणी तू पतंगांच्या अंगात गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास. ऋषी संतापतात. एवढ्याशा अपराधास एवढा दंड! ते धर्माला मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप देतात, तोच विदुर. आणि चौदा वर्षांच्या आतील बालकाच्या कृत्यास पातक मानू नये अशी मर्यादा घालून देतात.

वकिलाच्या दृष्टीने ही कथा मोठी मनोज्ञ आहे. अज्ञान बालकास दंड नाही, हे तत्त्व 1860 च्या दंडसंहितेत होते व 2023 च्या न्यायसंहितेतही आहे. वयाच्या रेषा तेवढ्या निराळ्या. पण आम्ही ही कथा आपल्या बचावासाठी उघडली आणि ती आमच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागली. मांडव्यांचा आक्षेप दंडाच्या प्रमाणावर आणि कर्त्याच्या वयावर होता. पतंगास काडी खुपसणे निर्दोष आहे असे त्यांनी म्हटले नाही. उलट त्यांनी रेषा आखली, याचाच अर्थ रेषेच्या पलीकडे असणारा उत्तरदायी आहे. आमची चाळिशी उलटली आहे. ‘ठाऊक नव्हते’ हे उत्तर आम्ही देऊ शकतो. पण ज्या जिवासाठी तीन दिवस बसलो त्याचे अन्न कोणते, त्याची पिले कोठे वाढतात, हे विचारावेसे वाटले नाही, त्या अज्ञानास निरागस कसे म्हणावे? आम्हांस त्याचे रूप हवे होते, त्याचे जीवित नको होते. भागवतात अवधूताने चोवीस गुरू सांगितले. त्यांत रूपास भुलून ज्वालेत पडणारा पतंग आहे. त्या दिवशी पाटाच्या काठी ज्वाला होती फुलपाखराच्या पंखांवर, आणि पतंग आम्ही होतो. फरक इतकाच की पोळला दुसराच जीव.

मग पाहूच नये काय? तसे आम्हांस वाटत नाही. आमच्या देवळांतील रीत येथे वाट दाखविते. भक्त उंबरठ्याशी थांबतो. मूर्ती स्पष्ट दिसत नाही म्हणून कोणी समई बाजूस सारीत नाही, की गाभाऱ्यात शिरून मूर्ती उजेडाकडे फिरवीत नाही. जे जसे दिसेल, जेवढे दिसेल, तेवढे दर्शन. गर्दीमुळे कळसाला हात जोडून परतलेल्या मनुष्याची यात्रा निष्फळ झाली असे आपण मानीत नाही. दर्शनात पाहणारा आपली जागा ठरवितो, आणि ग्रहणात तो पाहिल्या जाणाऱ्याची जागा ठरवितो. आमच्या मते हाच तो भेद, आणि तो फांदी मोडण्यापूर्वी, ‘ही फांदी माझ्या आड येते’ असे मनात आले त्याच क्षणी ओलांडला गेला. वास्तविक फांदी कोणाच्याही आड येत नव्हती. ती आपल्या जागी होती. आड आलो होतो आम्ही.

राहिला त्या छायाचित्राचा प्रश्न. देवळाच्या उत्सवात एक लहानसे प्रदर्शन भरते. तेथे ते लावले गेले आणि पुष्कळांनी वाखाणले. आम्ही नमस्कार करून स्तुती स्वीकारली, आणि घरी येऊन अस्वस्थ झालो. ते फाडून टाकावे असेही मनात आले. पण पुरावा नष्ट करणे हे प्रायश्चित्त नव्हे, हे सांगण्यास वकील नको. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापक्षालनाच्या साधनांत पहिले स्थान पाप उघड सांगण्यास दिले आहे, आणि नंतर पश्चात्तापास. तेव्हा पुढील वर्षी तेच चित्र पुन्हा लावले आणि खाली तिरफळीच्या फांदीची हकीकत लिहिली. वाचून काहींनी स्मित केले. एका सुरवंटासाठी एवढे कशाला, असेही कोणी म्हणाले. त्यांस आमच्याजवळ उत्तर नव्हते. एका सुरवंटाचे मोल किती, हे आम्हांस आजही सांगता येत नाही.

त्या पावसाळ्यात म्हाताऱ्याच्या देखरेखीखाली कुळागराच्या कडेला तिरफळीची पाच रोपे लाविली. तीन जगली आहेत. यंदा आश्विनात गेलो तेव्हा त्यांतील एकाची पाने कडेने कुरतडलेली दिसली. जवळ जाऊन पान पालथे करून पाहावे असे फार वाटले. हात पुढेही गेला होता. मग तो मागे घेऊन आम्ही पाटाच्या अलीकडे येऊन बसलो.