शिवेपार ढकललेला गाडा

पटकीची साथ आली की पूर्वी गावोगाव मरीआईचा गाडा निघे. वाजतगाजत, लिंबू-नारळ वाहत सगळे गाव तो शिवेबाहेर नेऊन सोडी. साथ गेली असे समजून माणसे घरी परतत आणि पुढचे गाव तोच गाडा आणखी पुढच्या गावाच्या शिवेवर ढकली. त्या माणसांना रोगजंतू ठाऊक नव्हते, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. आपल्याला ते ठाऊक आहेत, तरी गाडा शिवेपार ढकलणे सुटलेले नाही.

आमच्या शहाडची काही वस्ती कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे, काही उल्हासनगर महापालिकेत. रस्ता, बाजार, लोकल सगळे एकच. कर घेणारे मात्र दोन. पुलाखालच्या कचऱ्याच्या ढिगाविषयी विचारले की पहिले उत्तर ठरलेले असते: ‘आमच्या हद्दीत येत नाही.’ हे उत्तर देणाऱ्याला त्यात लाज वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही चीड येत नाही, इतके ते आपल्या अंगवळणी पडले आहे.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंचे मंगळसूत्र भर संध्याकाळी मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी खेचून नेले. मी त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो. गळ्यावर लाल वळ उठला होता, त्यावर त्यांनी पदर दाबून धरला होता. ठाणे अंमलदाराचा पहिला प्रश्न होता, ‘नक्की कुठे खेचले? पुलाच्या अलीकडे की पलीकडे?’ त्याने कागदाच्या पाठीवर आम्हाला रस्ता काढून दाखवायला लावला आणि दुसऱ्या ठाण्याकडे पाठवले. तिथेही तोच प्रश्न. तक्रार नोंदली जाईपर्यंत तीन तास गेले होते. चोरांना मात्र पूल ओलांडताना कोणी काही विचारले नव्हते.

इथे नीट विचार करायला हवा. आपल्याकडे पोलीस महापालिकेचे नसतात, राज्याचे असतात. ठाणे पोलीस आयुक्तालय 1981 पासून आहे आणि ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही सगळी शहरे त्या एकाच छताखाली येतात. एकत्रीकरण होऊन चार दशके उलटली, तरी काकूंना दोन ठाण्यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. नकाशा एक झाला, मनातली शीव तशीच राहिली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने तर स्पष्टच सांगितले आहे की दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घेतलीच पाहिजे. अशी नोंद, म्हणजे ‘झिरो एफआयआर’, ही कोणाची मेहेरबानी नाही. ठाण्यात जाताना हे कलम पाठ असू द्या.

महापालिकांच्या एकत्रीकरणाचे प्रकरण याहून अवघड आहे. 1983 मध्ये कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालची गावे एकत्र करून एक महापालिका केली. 1992 मध्ये अंबरनाथ-बदलापूर वेगळे झाले. सत्तावीस गावे 2002 मध्ये वगळली, 2015 मध्ये परत घेतली, 2020 मध्ये त्यांतली अठरा पुन्हा वगळायला निघाले तेव्हा उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. गावकऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते: कर शहराचा, पाणी मात्र गावाच्याही खालच्या दर्जाचे. मोठ्या संस्थेत लहान वस्तीचा आवाज दबतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण हाच आक्षेप घेणाऱ्या पुढाऱ्यांना एक प्रश्न विचारतो. नोव्हेंबर 2020 मध्ये कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे शहर प्रशासकाच्या हाती राहिले. तेव्हा स्थानिक स्वराज्याची अस्मिता कुठे होती? अस्मिता प्रभागरचनेच्या दिवशी जागी होते आणि मतदान लांबले की झोपते, तर ती उमेदवारीची काळजी आहे, गावाची नव्हे.

आणि एकत्र येणे आपल्याला जमत नाही असेही नाही. पुरावा शहाडच्याच नावात आहे. ‘स्टेम’ म्हणजे शहाड-टेमघर. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी टेमघरला शुद्ध होते आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर व जिल्हा परिषदेच्या गावांना जाते. या चारही संस्थांची ती सामायिक कंपनी आहे. कोणाची महापालिका त्यासाठी मोडावी लागली नाही, कोणाचा महापौर गेला नाही. पाणी घ्यायचे म्हटल्यावर हद्दी आड आल्या नाहीत. मग घाण सोडताना त्या का आठवतात?

कारण घाण पुढे वाहून जाते. अंबरनाथच्या बाजूने येणारी वालधुनी उल्हासनगरमधून कल्याणात उतरते आणि प्रत्येक गाव आपापला गाडा तीत ढकलते. 2014 च्या अखेरीस उल्हासनगरच्या वडोल गावाजवळ टँकरमधून तीत रसायन सोडले गेले आणि शेकडो माणसांना श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात न्यावे लागले. अशा टँकरला रात्रीतून तीन पालिकांच्या हद्दी ओलांडता येतात. त्याला अडवायचे तर नदीकाठच्या सगळ्या पालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि पोलीस यांचे एकच पथक हवे. सांडपाणी, पूर, अग्निशमन, घनकचरा ही कामे खोऱ्याची आहेत, ती एकत्रच व्हायला हवीत. दिवाबत्ती, बाग, शाळा, अंगणवाडी हे प्रभागाचे काम, ते उलट आणखी खाली, नागरिकांच्या हाताशी न्यावे. संविधानाच्या 243 झेड-ई या कलमाने महानगर नियोजन समितीत किमान दोन-तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींमधून घ्यायला सांगितले, ते एकत्र कामातही स्थानिक आवाज राहावा याचसाठी.

आता नगरसेवक पुन्हा निवडून आले आहेत. शहाडला लागून असलेल्या दोन्हीकडच्या प्रभागांतल्या नगरसेवकांनी आपापले अभियंते आणि आरोग्य निरीक्षक घेऊन महिन्यातून एकदा पुलाखाली एकत्र उभे राहावे आणि समोरच्या ढिगाचे काय करायचे ते तिथेच ठरवावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. पहिल्या बैठकीची तारीख त्यांनी आम्हाला कळवावी. पुलाच्या दोन्ही बाजूंचे आम्ही नागरिक येऊ.