मृत्यू न येणारा पक्षकार

न्यायाधीशही मनुष्यच असल्यामुळे त्याच्या हातून प्रमाद घडू शकतो, ही नम्र कबुली अपिलाच्या तरतुदीत अंतर्भूत आहे. म्हणून अपिलाच्या हक्काला आक्षेप घेण्याचा माझा मानस नाही. परंतु प्रमादाच्या दुरुस्तीसाठी निर्माण झालेली ही पायरी जेव्हा वर्षानुवर्षे दावेदाराला तिष्ठत ठेवते, तेव्हा त्या विलंबाची झळ कोणाला किती लागते, हा प्रश्न विचारणे प्राप्त होते.

धरणाखाली अथवा कालव्याखाली जमीन गेलेल्या एखाद्या खातेदाराचे उदाहरण घ्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये झालेला निवाडा अमान्य करून, कलम १८ खाली प्रकरण दिवाणी न्यायालयात नेऊन, शेजारच्या जमिनींची खरेदीखते, सातबाराचे उतारे, विहीर आणि फळझाडे यांचा पुरावा देऊन, अनेक तारखांनंतर तो वाढीव मोबदल्याचा हुकूमनामा मिळवतो. त्याविरुद्ध सरकार कलम ५४ खाली उच्च न्यायालयात जाते. केवळ अपील दाखल केल्याने दरखास्तीचे काम थांबत नाही; त्यासाठी स्थगिती मागावी लागते आणि ती बहुधा रक्कम न्यायालयात भरण्याच्या अटीवर मिळते. त्या रकमेतील काही भाग उचलण्याची मुभा दावेदाराला मिळाली, तरी त्यासाठी अनेकदा जामीन द्यावा लागतो. ज्याची जमीनच सरकारजमा झाली, त्याने जामिनास कोणती मिळकत दाखवावी?

विलंबाची भरपाई व्याजाने होतेच, असे यावर कोणी म्हणेल. त्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे वाढीव रकमेवर ताबा गेल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याजाची तरतूद होती, हे खरे. ती क्षुल्लक नव्हती, हेही खरे. तथापि जी जमीन त्या वेळी विकत घेता आली असती, जे शिक्षण त्या वयातच व्हावयाचे होते, जे कर्ज सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी फिटले असते, ते व्याजासह हाती पडलेल्या रकमेने पुन्हा साधत नाही.

आणि खरी विषमता याहून खोल आहे. सरकार हा मृत्यू न येणारा पक्षकार आहे. त्याचे अधिकारी बदलतात, निवृत्त होतात, पण मुकदमा त्यामुळे अडत नाही. दावेदार मात्र मर्त्य असतो. तो निवर्तला की ९० दिवसांत त्याचे वारस अभिलेखावर आणावे लागतात. मुदत टळली की विलंबमाफीचा अर्ज, परगावी गेलेल्या वारसांना नोटिसा, त्या न बजावता परत येणे आणि पुन्हा तहकुबी, असा क्रम सुरू होतो. विलंबामुळे मृत्यू आणि मृत्यूमुळे आणखी विलंब, असे हे चक्र आहे.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने अपील सहा महिन्यांत निकाली काढण्याचा ‘प्रयत्न’ व्हावा, असे म्हटले आहे. हा शब्द सदिच्छा व्यक्त करतो; तो मोडला असता काय व्हावे, हे सांगत नाही. म्हणून माझे मत असे की, खालच्या निकालातील नेमकी चूक लेखी नोंदवल्याखेरीज सरकारने मोबदल्याविरुद्ध अपील करूच नये. आणि केलेच, तर भरलेल्या रकमेचा निम्मा हिस्सा दावेदारास विनाजामीन मिळावा. ज्याला थांबणे परवडते, त्यानेच थांबण्याचा खर्च सोसावा, हा साधा न्याय आहे.