पिवळ्याखालचा पांढरा

सकाळी फिरून येताना हल्ली चौकातल्या एका बंद दुकानापाशी माझी दोन मिनिटं जातात. तिथं सायकलींचं दुकान होतं, आता फरसाणाचं होणार आहे. पत्र्याची पाटी तीच, नाव नवं. मालकाला हवी आहे भडक पिवळी पाटी आणि तिच्यावर काळी अक्षरं, रेल्वे स्टेशनवर असतात तशी. लांबून वाचता आली पाहिजे.

पहिल्या दिवशी पेंटरच्या हाताखालच्या पोरानं घाई केली. पत्रा खरवडून लाल ऑक्साइडचा प्रायमर मारलेला होता. त्यानं त्यावरच सरळ पिवळा ओढला. तांबडा खालून वर आला आणि पाटी शिळ्या वरणासारखी दिसू लागली. एका कोपऱ्यात प्रायमर पातळ बसला होता, तिथून जुन्या ‘सायकल’मधला ‘स’ डोकावत होता. पोरानं आणखी दोन हात मारले. ‘स’ जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी पेंटर स्वतः शिडीवर होते आणि पाटी चक्क पांढरी करत होते.

“काका, पिवळ्याला अंगच नसतं,” ते म्हणाले. “खाली पांढरा पाहिजे.”

“मग पिवळ्यातच थोडा पांढरा मिसळला तर?”

“झाकेल की. पण तो पिवळा राहणार नाही. लिंबाचं सरबत होईल.”

घरी येईपर्यंत ते सरबत डोक्यात होतं. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड असते. तिचे कण प्रकाशाला इतकं जोरात वळवतात, की तो खालच्या थरापर्यंत पोचायच्या आत विखरून माघारी येतो. म्हणून पांढरा झाकतो. काळा झाकतो तो उलट कारणानं, तो आलेला प्रकाश गिळूनच टाकतो. आजच्या झगझगीत पिवळ्या-नारिंगी रंगांचं तसं नसतं. त्यातले बरेचसे रंगीत काचेसारखे असतात. प्रकाश त्यांच्यातून आत उतरतो, तळाला आपटतो आणि परतताना पिवळा होऊन येतो. तळ पांढरा असेल तर सगळा उजेड परत मिळतो. तळ तांबडा असेल तर तांबडा तळ त्यातला बराचसा ठेवून घेतो. म्हणजे पाटीवर आपल्याला जो लखलखाट दिसतो, त्यातला मोठा हिस्सा खालच्या पांढऱ्याचा. तोच पांढरा डब्यात मिसळला की रंगाला फिका करतो आणि खाली अंथरला की उजळवतो. जागेचा एवढा फरक पडावा, याचं मला राहून राहून नवल वाटलं.

पूर्वीचा पिवळा एका हातात झाकायचा, अशी पेंटरांची हळहळ. तो क्रोम यलो, शिशाचा रंग. २०१६च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत खाली आणलं आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून ते लागू झालं. हळहळ मला समजते, पटत नाही. लहान मुलांच्या पोटात शिसं जाण्यापेक्षा पेंटरनं दोन हात जास्त मारलेले बरे.

हात मात्र पातळ हवेत, आणि मधे थांबायला हवं. वरून सुकलेला ऑइल पेंट आत ओला असतो. त्यावर लगेच दुसरा जाड हात चढवला की सायीसारख्या सुरकुत्या पडतात. त्यामुळे पाटी एक अख्खा दिवस नुसतीच पांढरी होती, कोरी. येणारे-जाणारे मालकाला विचारत होते, नाव ठरलं नाही का अजून? मालक वैतागला होता. पेंटर कोपऱ्यावर चहा पीत होते.

आज सकाळी पाटी पिवळी झालेली दिसली. हळदीच्या अंगासारखी. पेंटर काठीवर मनगट टेकवून पहिलं अक्षर काढत होते. काळ्याला एकच हात पुरला.