उसना संयम

मनुष्याचा संयम त्याचा स्वतःचा किती व परिस्थितीनें उसना दिलेला किती, हा प्रश्न आम्ही वर्गांत अनेक वर्षें शिकवीत आलों; परंतु तो आमच्या पायास कळला नांदेडहून लातुरास जातांना.

आमची अँबॅसडर जुनी आहे. या गाड्यांची निर्मितीच २०१४ सालीं थांबली. तिला पॉवर ब्रेक आम्हीं मागाहून बसवून घेतला. लोहा ओलांडल्यावर एका उतारावर बैलगाडी आडवी आली आणि ब्रेकचें पेडल दगडासारखें कठीण लागलें. सर्व बळ एकवटून दाबलें, तेव्हां गाडी हातभर अंतरावर थांबली. बैलगाडींत दोन मुलें बसलेलीं होतीं.

हळूहळू अहमदपूर गांठलें. तेथील मिस्त्रीनें इंजिन बंद करून पेडल चारपांच वेळां दाबलें. मग त्यावर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलें. पेडल किंचित् खालीं जावयास हवें होतें. तें हाललें नाहीं. “सर, ब्रेक शाबूत आहे, त्याची मदत तुटली,” तो म्हणाला. पेडल मऊ लागतें तर तेलांत हवा शिरली असती, दाबून धरल्यावर हळूहळू बसतें तर आंत तेल गळत असतें. येथें दोष निराळा होता. इंजिन हवा ओढतें, त्यानें डब्यांतील पडद्याच्या एका बाजूस निर्वात होतो, आणि दुसऱ्या बाजूनें बाहेरच्या हवेचा दाब पायाचें बळ वाढवितो. ही ओढ पोहोंचविणाऱ्या रबरी नळीस चीर पडली होती.

वर्षानुवर्षें आम्हांस वाटे, गाडी आम्हीच थांबवितों. आमच्या सौजन्याचेंही असेंच नसेल काय? नियमित वेतन, लोकांचा आदर, घरची शांतता यांच्या अदृश्य दाबानें आमचा राग आवरला जातो, आणि श्रेय आम्ही स्वभावास देतों.

मग उसना संयम खोटा मानावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. उताराखालीं दुसऱ्याचीं मुलें असतां मिळणारें साह्य नाकारणें हें शौर्य नव्हे. मात्र तें उसनें आहे याचें भान सुटूं नये. आणि ज्यास असें साह्य कधींच लाभलें नाहीं, त्याच्या संतापास नांवें ठेवण्यापूर्वीं त्याच्या पायावर किती भार आहे तें पाहावें.

नळी बदलून होईपर्यंत आम्ही थांबलों. लातूर गांठावयास रात्र झाली. निघतांना मिस्त्री म्हणाला, “इंजिन बंद करून मधून मधून पेडल तपासत जा.” गाडीचें आम्ही तपासतों. स्वतःचें तपासण्याचें धैर्य अद्याप जमवीत आहों.